मराठवाड्यातल्या रस्त्यांसाठी सायकलचे सोयीचे हँडल कसे निवडावे

सायकलवरून उतरल्यावर मान अवघडलेली असते, तळहातांना मुंग्या आलेल्या असतात किंवा मनगट ठणकत असते, तेव्हा बहुतेक जण दोष खड्ड्यांना नाहीतर वयाला देतात आणि फार झाले तर सीटवर फोमचे कव्हर चढवतात. हे दुखणे पुष्कळदा हँडलाच्या उंचीमुळे, रुंदीमुळे किंवा आकारामुळे उद्भवलेले असते आणि थोडा विचार केला तर ते कमी खर्चात दूर होऊ शकते. सायकल विकत घेताना आपण रंग पाहतो, गिअर मोजतो, टायरची जाडी दाबून पाहतो. पण ज्या भागावर तासन्‌तास आपले दोन्ही हात टेकलेले राहणार आहेत, तो भाग दुकानदाराने जो बसवून दिला तोच मुकाट्याने स्वीकारतो. हँडलाची निवड आधी आपल्या शरीरावरून, मग आपल्या रोजच्या रस्त्यावरून आणि सर्वांत शेवटी दिसण्यावरून करावी, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, ते पुढे सांगतो.

सायकलस्वाराचे वजन सीट, पायडल आणि हँडल या तीन ठिकाणी विभागले जाते. हँडल जितके दूर आणि जितके खाली, तितके धड पुढे झुकते आणि तितका तळहातांवरचा भार वाढतो. हँडल जवळ आणि उंच असेल तर पाठ ताठ राहते, हात हलके राहतात, मात्र वजनाचा मोठा वाटा सीटवर येतो आणि खड्ड्याचा दणका थेट कण्यापर्यंत पोहोचतो. पुढे झुकण्याचेही फायदे आहेत, कारण समोरून येणाऱ्या वाऱ्याला शरीर कमी आडवे येते आणि चढावर पायांना अधिक जोर लावता येतो. सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरच्या पुढे गेल्यावर आपली बहुतेक शक्ती हवा कापण्यातच खर्च होते. म्हणून सर्वांना सर्वत्र सोयीचे ठरेल असे एकच हँडल नसते. आपण किती वेळ, कोणत्या रस्त्यावर, किती वेगाने आणि किती ओझे घेऊन जातो यावर ते ठरते.

आधी स्वतःचे हात पाहावेत

हँडल पाहायला दुकानात जाण्यापूर्वी घरी एक साधी चाचणी करावी. दोन्ही हातांत एकेक पेन्सिल मुठीत आडवी धरावी, कोपरे थोडी वाकवावीत, खांदे सैल सोडावेत आणि हात समोर आणावेत. पेन्सिली एका सरळ रेषेत येत नाहीत असे दिसेल. त्यांची अंगठ्याकडची टोके पुढे आणि आतल्या बाजूला झुकलेली असतात, तर करंगळीकडची टोके मागे आणि बाहेर जातात. मनगटाची ही नैसर्गिक ठेवण आहे. अगदी सरळ नळीचे हँडल धरताना मनगटाला या ठेवणीपासून थोडे वळावे लागते. दहा मिनिटांच्या फेरीत त्याचे काही वाटत नाही, परंतु तासाभराच्या प्रवासात तोच ताण दुखण्याचे रूप घेतो.

त्यानंतर सायकलवर बसावे आणि दुसऱ्या कोणाला तरी सायकल धरायला सांगून बाजूने मोबाइलवर छायाचित्र काढून घ्यावे. कोपरात किंचित बाक असावा, खांदे कानांकडे चढलेले नसावेत आणि मनगट कोपरापासूनच्या रेषेत सरळ असावे. त्याच स्थितीत बोटे हँडलावर ठेवून तळहात थोडे उचलून पाहावेत. धड लगेच पुढे कोसळू लागले, तर हातांवर गरजेपेक्षा जास्त भार येत आहे हे समजावे. कोपरे काठीसारखी ताठ असतील तर हँडल दूर आहे, आणि वळण घेताना गुडघे हँडलाला लागत असतील तर ते फार जवळ आले आहे.

मुंग्या कोणत्या बोटांना येतात हेही नीट पाहावे, कारण त्यावरून दोष कुठे आहे याचा अंदाज येतो. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्यावर दाब पडून तिथून जाणारी उलनर नस चेपली जात असते. अशा वेळी हातांवरचा भार कमी करणे आणि हँडलाच्या टोकांवर रुंद, पसरट मूठ (ग्रिप) बसवणे उपयोगी पडते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल तर मनगट मागच्या बाजूला दुमडून राहिल्याने मधली नस दाबली जात असण्याची शक्यता अधिक असते, आणि मग ब्रेकच्या लिव्हरचा कोन किंवा हँडलाची उंची बदलावी लागते. सायकल काही दिवस बंद ठेवूनही बधिरपणा गेला नाही, तर सुटे भाग बदलत बसू नये. डॉक्टरांना हात दाखवावा.

रस्त्याप्रमाणे हँडल

आपल्याकडे सर्वांत जुने आणि माझ्या मते आजही सर्वांत अधिक लोकांच्या कामाचे हँडल म्हणजे काळ्या उंच सायकलचे मागे वळलेले हँडल. १९५६ साली लुधियानात सुरू झालेल्या हिरो सायकल्सने आणि तिच्यासारख्या इतर कंपन्यांनी अशा सायकली खेड्यापाड्यांत पोहोचवल्या आणि आजही आठवडी बाजाराच्या दिवशी त्या भिंतींना टेकून उभ्या दिसतात. या हँडलाच्या मुठी स्वाराच्या दिशेने मागे येतात, म्हणून मनगट आपल्या नैसर्गिक ठेवणीत राहते, पाठ ताठ राहते आणि मान न वाकवता समोरचा रस्ता दिसतो. ज्यांना घरापासून शाळेपर्यंत, गावातून शेतापर्यंत किंवा वसाहतीतून कारखान्यापर्यंत रोज काही किलोमीटर बेताच्या वेगाने जायचे आहे, साडी किंवा धोतर नेसून सायकल चालवायची आहे, किंवा ज्यांचे वय पन्नाशीच्या पुढे गेले आहे, त्यांनी दुसरीकडे शोधण्याआधी हेच हँडल वापरून पाहावे. त्याच्या मर्यादाही ठाऊक असाव्यात. उभे राहून पायडल मारताना ते अडचणीचे ठरते, समोरच्या वाऱ्यात छाती पूर्ण उघडी पडते आणि ताठ बसल्यामुळे सगळे दणके सीटवर येतात. म्हणून या हँडलासोबत स्प्रिंगची रुंद सीट असणे गरजेचे आहे.

सरळ हँडल रेंजर सायकलींबरोबर आपल्याकडे रुळले आणि आता बाजारात बहुतांश नव्या सायकलींना तेच असते. खडी उखडलेल्या रस्त्यावर, नांगरटीच्या कडेने किंवा पांदण रस्त्यावरून जाताना सायकलवर पक्का ताबा ठेवायचा असेल तर ते उत्तम आहे, कारण रुंद पकडीमुळे चाकाला बसलेला झटका हातात सावरता येतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकांना चिकटतो आणि पुढचे चाक मनाप्रमाणे वळत नाही, तेव्हा ही रुंदी विशेष कामी येते. मात्र डोंगरातल्या सायकलींसाठी बनवलेली ७०० मिलिमीटरहून रुंद हँडले गावातल्या गर्दीत अडतात आणि अरुंद खांद्यांच्या माणसाचे हात फाकवून ठेवतात. रोजच्या वापरासाठी साधारण ५८० ते ६४० मिलिमीटर रुंदी पुरेशी होते. हँडल जास्त रुंद असेल तर ते कापता येते, पण आधी मुठी आणि लिव्हर आत सरकवून काही दिवस चालवून पाहावे आणि मगच दोन्ही बाजूंनी सेंटिमीटरभर कापावे. कापलेली नळी पुन्हा लांब होत नाही.

सरळ हँडलाचाच एक प्रकार मध्यभागापासून दोन्ही बाजूंना वर उचललेला असतो. त्यामुळे मुठी काही सेंटिमीटर उंचावतात आणि बहुतेक वेळा किंचित मागेही येतात. सरळ हँडलाची सवय आहे पण मान आणि मनगट दुखते, अशा माणसाने आधी हाच बदल करावा. यात ब्रेकच्या लिव्हर, गिअरची बटणे आणि मुठी त्याच राहतात. फक्त केबल पुरते की नाही तेवढे पाहावे लागते.

मुलींच्या सायकलींबद्दल इथे थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळू लागल्यापासून सकाळी वाडी-वस्तीवरून शाळेकडे जाणाऱ्या मुलींचे जथे आपण पाहतो. आठवीत मिळालेली सायकल बारावीपर्यंत चालते, त्या काळात मुलीची उंची वाढते, सीट वर चढवली जाते आणि हँडल मात्र जिथे होते तिथेच राहते. परिणामी पाठीवर दप्तराचे ओझे घेऊन मुलगी दरवर्षी थोडी अधिक खाली वाकून सायकल चालवते. सीट जेव्हा वर करावी तेव्हाच हँडलही वर करावे, हे पालकांनी आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवे. त्याला सुटा भाग लागत नाही, फक्त एक पाना आणि पाच मिनिटे लागतात. दप्तर पाठीवरून काढून कॅरियरवर बांधले तर खांद्यांवरचा आणि तळहातांवरचा भार त्याच दिवशी कमी होतो.

खाली वळलेले, म्हणजे रेसर सायकलचे हँडल, लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी आहे. ते त्रासदायक असते असा समज आहे. त्यामागचे कारण बहुधा ते फार खाली आणि फार दूर बसवलेले असते. नीट बसवले तर या हँडलावर हात ठेवायला वरची आडवी नळी, ब्रेकच्या लिव्हरवरचे रबरी उंचवटे आणि खालचा बाक अशा तीन जागा मिळतात आणि दर काही मिनिटांनी पकड बदलता आल्यामुळे एकाच नसेवर सतत दाब राहत नाही. बहुतेक प्रवास लिव्हरवरच्या उंचवट्यांवर हात ठेवूनच होतो, म्हणून तिथे हात सहज पोहोचतात का, हे पाहून निवड करावी. रुंदी आपल्या दोन खांद्यांच्या हाडांमधल्या अंतराइतकी, म्हणजे प्रौढांना साधारण ३८ ते ४४ सेंटिमीटर असावी. खालचा बाक फार खोल नसलेले आणि बाहेरच्या बाजूला थोडे फाकलेले हँडल आपल्या खडबडीत रस्त्यांवर अधिक स्थिर वाटते.

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाणारा साधारण ३० किलोमीटरचा रस्ता या तुलनेसाठी चांगला आहे. दौलताबादपर्यंत फारसा त्रास नसतो, तिथून खुलदाबादकडे चढ लागतो आणि पुढे वेरूळच्या बाजूला उतार मिळतो. चढावर मागे वळलेल्या हँडलाचा स्वार सीटवर बसूनच हळूहळू चढतो, सरळ हँडलाचा स्वार पुढे झुकून जोर लावतो, आणि रेसर हँडलाचा स्वार उंचवटे धरून उभा राहू शकतो. उतारावर मात्र ब्रेक किती सहज हाताशी येतात हेच महत्त्वाचे ठरते. बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या माळांवर पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर फिरतात, त्याच वाऱ्याला तोंड देत आषाढात सायकल हाकावी लागते. तिथे रोज १५-२० किलोमीटर जाणाऱ्याला धड खाली नेण्याची सोय असलेले हँडल खरोखर उपयोगी पडते. याउलट लातूरकडच्या रस्त्यांवर गळिताच्या हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन धावतात. तिथे मान वर आणि नजर दूरवर ठेवता येणे अधिक मोलाचे आहे.

फुलपाखराच्या आकाराचे, दोन्ही बाजूंना वळसा घेऊन पुन्हा जवळ येणारे हँडल काही प्रवासी वापरतात. त्यात हात ठेवायला अनेक जागा मिळतात आणि सरळ हँडलाच्याच लिव्हर चालतात, पण ते आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी सहज मिळत नाही.

नवे घेण्यापूर्वी आहे तेच नीट करावे

अनेकांचे दुखणे हँडल न बदलताच थांबते, म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी एवढे करावे. सीटचे नाक खाली झुकलेले असेल तर शरीर सतत पुढे घसरते आणि ते हातांनी थोपवावे लागते. सीट पातळीत आणावी. ब्रेकच्या लिव्हर अशा फिरवाव्यात की बोटे त्यांवर ठेवल्यावर मनगट वर दुमडले जाणार नाही आणि हाताची रेषा सरळ खाली उतरेल. टायरमध्ये हवा गच्च भरली असेल तर टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेत राहून ती थोडी कमी करावी, त्याने हातांपर्यंत येणारा थरकाप बराच घटतो. मुठींचा फोम आपल्याकडच्या ४० अंशांपुढच्या उन्हात भुरभुरतो आणि स्वस्त रबर चिकट होते. अशा मुठी बदलून तळहाताला आधार देणाऱ्या पसरट मुठी घ्याव्यात आणि सायकल सावलीत लावावी.

उंची वाढवणे हा यांतला सर्वांत परिणामकारक उपाय आहे. हँडलाला पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याशी जोडणाऱ्या भागाला स्टेम म्हणतात आणि तो दोन प्रकारचा असतो. जुन्या व साध्या सायकलींत तो चिमट्याच्या नळीत आत उतरलेला असतो. त्याच्या माथ्यावरचा बोल्ट तीन-चार आटे सैल करावा, त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हलके ठोकावे, म्हणजे आतली पाचर सुटते आणि स्टेम वर ओढता येतो. त्यावर किमान किती भाग आत राहिला पाहिजे याची खूण कोरलेली असते. ती खूण बाहेर दिसेल इतका स्टेम कधीही वर घेऊ नये, कारण चालत्या सायकलवर तो मोडला किंवा निसटला तर स्वाराच्या हाती काहीच उरत नाही. नव्या सायकलींत स्टेम चिमट्याच्या नळीला बाहेरून आवळलेला असतो. तिथे स्टेमखालच्या कड्या कमी-जास्त करून, स्टेम उलटा फिरवून किंवा अधिक चढत्या कोनाचा, लांबीला १०-२० मिलिमीटर कमी असलेला स्टेम घालून उंची आणि अंतर साधता येते.

बदलायचेच ठरले तर मापे आणि ब्रेक

हँडलाचा मधला, स्टेममध्ये आवळला जाणारा भाग बहुतेक २५.४ किंवा ३१.८ मिलिमीटर व्यासाचा असतो. ही दोन मापे एकमेकांत बसत नाहीत. मधे पत्रा घालून घट्ट करण्याचा जुगाड काही ठिकाणी केला जातो, तो अजिबात करू देऊ नये. मुठींच्या बाजूला सरळ, उचललेल्या आणि मागे वळलेल्या हँडलांचा व्यास साधारण २२.२ मिलिमीटर असतो, तर रेसर हँडलाचा २३.८ मिलिमीटर. त्यामुळे पहिल्या तिन्ही प्रकारांत आपापसात बदल करणे सोपे आहे, पण रेसर हँडल घ्यायचे म्हणजे लिव्हर आणि गिअरची बटणेही बदलावी लागतात आणि खर्च हँडलाच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

ब्रेकची अडचण यापेक्षा गंभीर आहे. सरळ हँडलाच्या सायकलींवर असणारे उभ्या दोन भुजांचे व्ही-ब्रेक चालवायला केबल जास्त ओढली जावी लागते आणि रेसर हँडलाच्या नेहमीच्या लिव्हर ती कमी ओढतात. अशी जोडी जमवली तर लिव्हर हँडलाला टेकते तरी ब्रेक पुरता लागत नाही. केबलवर चालणाऱ्या डिस्क ब्रेकच्या बाबतीतही हाच प्रश्न येतो. म्हणून ज्याला रेसर हँडल हवे आहे त्याने तशीच सायकल घ्यावी. रेंजर सायकलचे रूपांतर करण्याच्या फंदात पडू नये, असा माझा सल्ला आहे.

काळ्या सायकलला सळईचे ब्रेक असतील तर हँडल, स्टेम आणि सळयांचे जोड बहुधा एकत्रच असतात. अशा सायकलचे हँडल तसेच ठेवणे शहाणपणाचे आहे. ते वाकले असेल तर त्याच प्रकारचे नवे बसवावे, ठोकून सरळ करून घेऊ नये. अॅल्युमिनियमचे हँडल पडून वाकले असेल किंवा त्यावर खोल चरा पडला असेल तर तेही काढून टाकावे, कारण हा धातू वाकवून पुन्हा सरळ केल्यावर आतून कमकुवत होतो आणि काहीही सूचना न देता तुटतो.

बसवताना हँडलावरची मधली खूण स्टेमच्या बरोबर मध्ये आणावी आणि पुढच्या झाकणाला चार बोल्ट असतील तर ते कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात असे आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत, म्हणजे वरची आणि खालची फट सारखी राहते. किती आवळायचे याचा आकडा अनेकदा स्टेमवरच छापलेला असतो आणि तो बहुधा ४ ते ६ न्यूटन मीटर असतो. लांब दांड्याच्या पान्याने सारा जोर लावू नये. मग पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल जोराने फिरवून आणि खाली दाबून पाहावे. ते जरासुद्धा सरकले तर सायकल रस्त्यावर नेऊ नये. हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून केबल ताणली जाते का, ब्रेक आपोआप लागतो का, हेही तपासावे. उंच हँडल लावल्यावर केबल अपुरी पडणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि तेव्हा नवी लांब केबल घालणे हाच उपाय असतो. हँडलाची दोन्ही टोके बुचांनी बंद असावीत, कारण पडल्यावर उघडी नळी पोटात किंवा मांडीत घुसून गंभीर इजा करते. मुलांच्या सायकलींत ही बुचे हमखास हरवलेली असतात.

दुधाच्या किटल्या आणि बाजाराच्या पिशव्या हँडलाला अडकवण्याची सवय आपल्याकडे सर्वत्र आहे. मागे वळलेल्या हँडलावर दोन्ही बाजूंना सारखे वजन असेल तर ते काही अंतर निभावते, परंतु एका बाजूच्या ओझ्याने हात सतत एका दिशेला ओढून धरावा लागतो आणि त्याच बाजूचा खांदा दुखू लागतो. सरळ, रुंद हँडलाच्या टोकाला अडकवलेली पिशवी वळणावर चाकात जाण्याचा धोका असतो. रोज ओझे नेणाऱ्याने मजबूत कॅरियरवर दोन्ही बाजूंना किटल्या बांधाव्यात आणि हँडल हातांसाठी मोकळे ठेवावे.

नव्या हँडलाविषयी पहिल्या दिवशीच मत बनवू नये, कारण भार नव्या स्नायूंवर येतो आणि शरीराला आठ-पंधरा दिवस लागतात. त्या अवधीत एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आज उंची तर चार दिवसांनी लिव्हरचा कोन, म्हणजे आराम कशाने पडला ते कळते. जमलेल्या मापाची खूण स्टेमवर रंगाने करून ठेवावी. पंक्चर काढताना किंवा टेम्पोत सायकल आडवी घालताना हँडल फिरवले गेले तरी ते पुन्हा त्याच जागी आणता येते. पहिल्या आठवड्यानंतर सर्व बोल्ट एकदा पुन्हा तपासून घ्यावेत, आणि वाढत्या वयाच्या मुलांच्या सायकलींचे हँडल दरवर्षी जूनमध्ये, शाळा उघडण्यापूर्वी, सीटसोबत नव्याने मापून बसवावे.